रहिमतपूर ते मिरज : भरावाचा हुन्नर

साताऱ्याला गेलेला माणूस कंदी पेढे घेऊन येतो आणि सांगलीला गेलेला हळद किंवा बेदाणे. अजिंक्यतारा, कासचे पठार, सांगलीचा कृष्णाकाठ, मिरजेचा दर्गा ही ठिकाणे आपल्या वाचकांना नवी नाहीत. परंतु या दोन जिल्ह्यांची आणखी एक ओळख आहे आणि प्रवासवर्णनांत ती सहसा येत नाही. हा इंजिनांचा मुलूख आहे. नांगर, पंप, डिझेल इंजिने, स्कूटर यांचे कारखाने येथे निघाले. त्या कारखान्यांच्या आसपास दुरुस्ती करणाऱ्यांची एक मोठी जमात तयार झाली. तिला ना जात, ना मजहब. लोहार आहेत, सुतार आहेत, शिकलगार आहेत, शेतकऱ्यांची पोरे आहेत. कारखान्यांवर पुस्तके निघाली. या दुरुस्ती करणाऱ्यांवर फारसे कोणी लिहीत नाही. म्हणून हा लेख.

निमित्त घरचेच होते. शब-ए-बरात होऊन चार दिवस झाले होते आणि रहिमतपूरच्या मामूंची गाडी बंद पडली.

रहिमतपूरची ओम्नी

रहिमतपूर हे कोरेगाव तालुक्यातले, कमंडलू नदीकाठचे जुने गाव. विजापूरचे आदिलशाही सरदार रणदुल्लाखान यांच्या नावाशी जोडलेली मशीद आणि मकबरा येथे आहे. बाजारपेठ जुनी, गल्ल्या अरुंद. मामूंचा धंदा बांगड्यांचा. मणेरांचे पिढीजात काम. त्यांचे वडील खांद्यावर बांगड्यांच्या माळा टाकून पायी फिरले, पुढे सायकलवरून फिरले. मामू जुन्या मारुती ओम्नीतून फिरतात. कोरेगाव, पुसेसावळी, औंध, वडूज असे आठवडे बाजार करतात. वर्षाच्या कमाईचा मोठा वाटा लग्नसराईत आणि रमजान महिन्यात येतो. चाँद रातीला तर मामी आणि दोन्ही मुलीही दुकानावर बसतात. गाडी उभी राहिली म्हणजे चूल अडली, इतका साधा हिशेब होता.

दोष विचित्र होता. रेडिएटरमधले पाणी रोज कमी होई, पण गाडीखाली एक थेंब पडलेला दिसत नसे. सकाळी गाडी सुरू केली की मागून पांढरा धूर येई. ओम्नीचे इंजिन तीन सिलिंडरचे. त्यातला एक सुरुवातीला मारतच नसे, गाडी थरथरत असे. गावातल्या मिस्त्रींनी हेड गॅस्केट गेले असावे असा अंदाज केला, पण खोलून पाहिले तर गॅस्केट शाबूत. मग त्यांनी इनटेक मॅनिफोल्ड काढून हातात दिला आणि म्हणाले, "मामू, दुखणे यात आहे. याला साताऱ्याला दाखवा."

मॅनिफोल्ड म्हणजे काय, हे घरातल्या सगळ्यांना कळावे म्हणून थोडे सांगतो. कार्बुरेटरमध्ये हवा आणि पेट्रोल मिसळते. ते मिश्रण प्रत्येक सिलिंडरपर्यंत वाटून नेणारा नळ्यांचा पंजा म्हणजे इनटेक मॅनिफोल्ड. पंजाचे तळवे कार्बुरेटरकडे, बोटे इंजिनाच्या हेडकडे. प्रत्येक बोटाच्या पोकळीला पोर्ट म्हणतात. हा पंजा ॲल्युमिनियमचा ओतीव असतो. आपल्या आजी ज्याला 'जर्मल' म्हणत, तोच धातू, फक्त सिलिकॉन मिसळून ओतलेला. या जुन्या इंजिनात मॅनिफोल्डच्या पोटातून गरम पाण्याची एक वाटही जाते. गारठ्यात पेट्रोलची नीट वाफ व्हावी म्हणून ती सोय. म्हणजे एका भिंतीच्या अलीकडे पाणी आणि पलीकडे पेट्रोल-हवा. ती भिंत फुटली की पाणी थेट सिलिंडरमध्ये. पांढरा धूर म्हणजे त्याच पाण्याची वाफ.

साताऱ्यातील निदान

साताऱ्याच्या जुन्या औद्योगिक वसाहतीत एका मशीन शॉपमध्ये आम्ही तो गोणपाटात गुंडाळलेला तुकडा टेबलावर ठेवला. मालक साठीचे, चष्मा कपाळावर. त्यांनी पाण्याच्या वाटेची तोंडे रबर आणि पट्ट्या लावून बंद केली, एका तोंडातून हलक्या दाबाने हवा सोडली आणि मॅनिफोल्ड पाण्याच्या टबात बुडवला. मधल्या पोर्टच्या तळातून बारीक बुडबुड्यांची माळ वर येऊ लागली. कुठल्याही यंत्राशिवाय निदान झाले.

मग त्यांनी दुसरा दोष दाखवला. काही वर्षांपूर्वी एका गॅरेजमध्ये कोणीतरी मामूंना सांगितले होते की पोर्ट घासून मोठे केले की गाडी जास्त पळते. त्याप्रमाणे आतून ग्राइंडर फिरवला होता. तिन्ही पोर्ट हेडच्या भोकांपेक्षा मोठे झाले होते आणि तळाची भिंत पापुद्र्यासारखी पातळ. आतून घासले गेले, बाहेरून विहिरीच्या क्षारयुक्त पाण्याने खाल्ले, आणि मधे भोक पडले.

"पोर्ट मोठा म्हणजे ताकद जास्त, हा गैरसमज सगळ्या महाराष्ट्रात आहे," ते म्हणाले. "शेतात पाट पाहिला आहे ना? तेवढेच पाणी अरुंद पाटातून जोरात धावते, रुंद पाटात रेंगाळते आणि गाळ खाली बसतो. इथे गाळ म्हणजे पेट्रोल." हवेचा वेग कमी झाला की पेट्रोलचे थेंब हवेतून सुटून भिंतीला चिकटतात. कमी वेगात, चढावर, माल भरलेला असताना इंजिन गुदमरते. शर्यतीची गाडी सतत वरच्या फेऱ्यांवर पळते, तिला मोठा पोर्ट मानवतो. बांगड्यांच्या पेट्या भरून पुसेसावळीच्या रस्त्याने जाणाऱ्या ओम्नीला नाही. त्यातून आणखी एक खोट. मॅनिफोल्डचे तोंड हेडच्या भोकापेक्षा मोठे असेल तर वाहत येणारी हवा हेडच्या कडेवर आपटते. उलट ते किंचित लहान असेल तर एवढे बिघडत नाही.

म्हणून इलाजही दुहेरी होता. भोक बुजवायचे आणि पोर्टचा तळ भरून वर उचलायचा. परदेशात शर्यतीची इंजिने बनवणारे हेच करतात. पोर्टच्या तळावर किंवा छतावर धातूचा थर चढवून हवेची वाट हवी तशी वळवतात. आपल्याकडे याला साधा शब्द आहे : भराव.

"नवीन मॅनिफोल्ड?" आम्ही विचारले. ओम्नीचे उत्पादन २०१९ साली थांबले. त्यातही कार्बुरेटरचे इंजिन आणखी जुने. मामूंनी भंगार बाजारातून दोन आणून पाहिले होते. दोन्ही त्याच जागी खाल्लेले. मशीन शॉपच्या मालकांनी एका कागदावर पत्ता लिहिला. "सांगलीला जा. ओतीव ॲल्युमिनियमचे काम तिथे एक चाचा करतात. त्यांनी नाही म्हटले तर मग हा तुकडा भंगारात द्या."

साताऱ्यात असे कान असलेले लोक का भेटतात, याला इतिहास आहे. धनजीशा कूपर या पारशी गृहस्थांनी १९२२ साली सातारा रोड येथे इंजिनिअरिंगचा कारखाना काढला. तेथे नांगर बनत, पुढे डिझेल इंजिने बनू लागली. हेच कूपर १९३७ साली काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधान होते. त्या काळी प्रांताच्या प्रमुखालाही पंतप्रधान म्हणत. पुढे १९७५ साली महाराष्ट्र स्कूटर्स ही कंपनी स्थापन झाली आणि साताऱ्यात तयार झालेली 'प्रिया' स्कूटर घरोघरी गेली. आपल्यापैकी कित्येकांच्या वालिदांनी ईदच्या नमाजाला पुढे एक मूल उभे करून आणि मागे एक बसवून जी स्कूटर चालवली, ती बहुधा हीच. कारखान्यात शिकलेले कामगार निवृत्त झाले की घरामागे पत्र्याची शेड टाकत. हुन्नर असा शहरभर पसरला.

रेल्वेच्या खिडकीतून

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघे आणि मामू रहिमतपूरहून रेल्वेने निघालो. मॅनिफोल्ड मामूंच्या मांडीवर. सातारा-सांगली प्रवास रस्त्याने लवकर होतो, पण ज्याला हा मुलूख समजून घ्यायचा आहे त्याने एकदा तरी रेल्वेने जावे. ऊस, मधेच द्राक्षाचे मांडव, आणि दर काही मैलांवर एखाद्या उद्योगाची खूण.

कराडचे स्थानक गावाबाहेर ओगलेवाडीला आहे. स्वदेशीच्या काळात येथे ओगले बंधूंचा काचकारखाना उभा राहिला. 'प्रभाकर' कंदील येथलाच. वीज नव्हती तेव्हा गावोगावच्या मशिदींत आणि देवळांत तोच टांगलेला असे. मामू काचेचे व्यापारी, त्यांनी खिडकीतून वाकून पाहिले. कराड गावात कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमाजवळ आदिलशाही काळातली मशीद आहे आणि तिचे दोन उंच मनोरे लांबून दिसतात. या खेपेला उतरता आले नाही.

पुढे किर्लोस्करवाडी. या स्थानकाचे जुने नाव कुंडल रोड. बेळगावला सायकलींचे दुकान आणि मग नांगराचा कारखाना चालवणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर यांना तेथील जागा सोडावी लागली, तेव्हा औंधच्या राजांनी त्यांना येथे माळरान दिले. १९१० साली निवडुंग आणि सापांनी भरलेल्या त्या माळावर कारखाना आणि कामगारांची वसाहत उभी राहिली. पहिल्या महायुद्धात ओतकामाला बिडाचा तुटवडा पडला तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी किल्ल्यांवरच्या जुन्या तोफा दिल्या आणि त्या वितळवून नांगर ओतले गेले. आपल्यासारख्या मासिकवाल्यांना आणखी एका कारणाने ही वाडी जवळची वाटते. 'किर्लोस्कर' मासिक १९२० साली येथूनच 'किर्लोस्कर खबर' म्हणून सुरू झाले आणि १९३० साली 'स्त्री'. जेथे बीड ओतले गेले तेथेच मराठी घरांसाठी मासिकेही छापली गेली.

धातू वितळवण्याचे ज्ञान या जिल्ह्यात आणखी एका वाटेने आले. विटा, खानापूर, आटपाडी या दुष्काळी भागातली माणसे सोने-चांदी गाळण्याच्या, म्हणजे गलाईच्या, धंद्यासाठी देशभर गेली. केरळपासून उत्तरेपर्यंत सराफ बाजारांत सांगली जिल्ह्याचे गलाईवाले भेटतात. पाऊस नव्हता म्हणून हुन्नर शिकले आणि हुन्नराने घरे उभी केली.

सांगली : भरावाचे काम

सांगली-मिरज रस्त्याच्या आतल्या अंगाला चाचांचे वर्कशॉप. पत्र्याची शेड, मागे चिंचेचे झाड, भिंतीला अर्धा माणूस उंचीची एक काळसर रेघ. २०१९ सालच्या ऑगस्टमधील महापुराचे पाणी तेथवर चढले होते. "त्या वर्षी पाणी ओसरल्यावर चार महिने मान वर केली नाही," चाचा म्हणाले. पुरात बुडालेली गाडी लोकांनी घाईघाईने सुरू केली की सिलिंडरमध्ये भरलेले पाणी दबत नाही, कारण पाणी हवेसारखे आकसत नाही. मग कनेक्टिंग रॉड वाकतो, कधी ब्लॉक फुटतो. मामूंच्या मॅनिफोल्डमधले भोक वाढले असते तर तेच झाले असते. उशीर केला नाही हे बरे झाले.

चाचांनी तुकडा हातात फिरवून पाहिला, नखाने खरवडला, वासही घेतला. मामूंनी विचारले, "उस्ताद, तो दोन नळ्यांचा मसाला लावून भागणार नाही का? रमजान तोंडावर आहे."

हा प्रश्न सगळेच विचारतात. ॲल्युमिनियमची पूड मिसळलेला एपॉक्सी मसाला बाजारात मिळतो. दोन भाग कालवायचे, भरायचे, सुकल्यावर घासायचे. शर्यतीच्या गाड्यांचे पोर्ट भरायला जगभर तो वापरतात. ताप लागत नाही, म्हणून धातू वाकत नाही. चाचांनी त्याला नावे ठेवली नाहीत. पण तीन गोष्टी सांगितल्या. एक, तो फक्त हवा आत घेण्याच्या बाजूला चालतो; धूर बाहेर टाकणाऱ्या बाजूला कधीच नाही, तेथील उष्णतेत तो जळून जातो. दोन, तेल आणि पेट्रोल मुरलेल्या धातूला तो चिकटत नाही. धातू चकचकीत करून, त्याला खाचा पाडून, पकड द्यावी लागते. तीन, आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि प्रत्येक मसाला त्यात टिकत नाही. मऊ पडतो, कड उचलते, आणि एक दिवस कपची निसटून थेट व्हॉल्व्हखाली जाते. "मग मॅनिफोल्ड वाचवायला गेलात आणि इंजिन घालवले. शिवाय एका बाजूला पाणी आहे. जिथे पाणी अडवायचे तिथे मी मसाला लावत नाही. याला धातूच द्यावा लागेल."

धातू द्यायचा म्हणजे आर्गन वेल्डिंग. काम दोन दिवसांचे, आणि त्यातला पहिला दिवस नुसता साफसफाईचा.

साफसफाईत पहिली ताकीद कॉस्टिक सोड्याची. बिडाचे भाग गॅरेजवाले कॉस्टिकच्या उकळत्या पाण्यात टाकतात. ॲल्युमिनियम त्यात टाकले तर विरघळू लागते. आपल्या घरातले उदाहरण घ्या : जर्मलच्या पातेल्यात धुण्याचा सोडा उकळला की ते काळे पडते. चाचांनी मॅनिफोल्ड रॉकेलने धुतला, मग साबणाच्या गरम पाण्याने, मग वाळवला. त्यानंतर टॉर्चच्या ज्योतीने हळूहळू तापवला. पाहता पाहता धातूच्या अंगातून काळा घाम फुटला. वर्षानुवर्षे ओतीव धातूच्या बारीक छिद्रांत मुरलेले ते तेल. पुसले, पुन्हा तापवले, पुन्हा घाम. घाम यायचा थांबेपर्यंत हे चालले. "हे तेल राहिले तर वेल्डिंगमध्ये बुडबुडे राहतात. वरून चांदी दिसते, आतून जाळी."

मग ग्राइंडर. भोक लहान होते, पण आजूबाजूचा खाल्लेला भाग कोरून काढता काढता ते चार आण्याच्या नाण्याएवढे झाले. मामूंचा चेहरा उतरला. चाचा हसले. "कुजलेल्यावर टाका घालत नाहीत, मामू. चांगला धातू लागेपर्यंत कोरायचे."

दुपारी प्रत्यक्ष काम सुरू झाले. मॅनिफोल्ड एका जाड लोखंडी पाटावर बोल्टने आवळला, नाहीतर उष्णतेने त्याची तोंडे वाकतात. पुन्हा थोडे तापवले. किती तापले हे पाहायला कपडे धुण्याच्या साबणाची रेघ ओढली. ती तपकिरी होऊ लागली की थांबायचे. लोखंड तापले की लाल होते, आणि त्यावरून लोहाराला अंदाज येतो. ॲल्युमिनियम लाल होत नाही. जसेच्या तसे दिसते आणि एका क्षणी घसरून खाली पडते. म्हणून हे काम डोळ्यांपेक्षा सवयीचे.

अवघड आणखी एका कारणाने. शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळते. पण त्याच्या अंगावर सतत एक पातळ ऑक्साइडची साय धरलेली असते आणि ती वितळायला २,००० अंशांच्याही वर जावे लागते. आत धातू पातळ झालेला आणि वर साय तशीच, दुधासारखी गत. म्हणून आधी खास ॲल्युमिनियमसाठीच राखलेल्या स्टीलच्या ब्रशने ती घासतात आणि वेल्डिंगला दिशा बदलत राहणारी, म्हणजे एसी, वीज वापरतात. वीज एका दिशेने जाताना साय फोडते, दुसऱ्या दिशेने जाताना धातू वितळवते. हे एका सेकंदात कित्येक वेळा होते. भोवती आर्गन वायूचा झोत असतो, तो हवेला दूर ठेवतो आणि नवी साय धरू देत नाही. भरायची सळई सुमारे ५ टक्के सिलिकॉनची, कारण ओतीव धातूतही सिलिकॉन असते. जातीला जात मिळाली तर जोड चिरत नाही.

चाचांनी आम्हाला बाहेर काढले. त्या ज्योतीकडे उघड्या डोळ्यांनी पाहिले तर रात्री डोळ्यांत वाळू भरल्यासारखे होते. हे लहान मुलांना आवर्जून सांगावे. आणखी एक धोका त्यांनी सांगितला, तो तरुण कारागिरांनी लक्षात ठेवावा. काही जण वेल्डिंगच्या आधी ब्रेक क्लिनरच्या फवाऱ्याने भाग पुसतात. काही फवाऱ्यांत क्लोरीनयुक्त द्रव असतो आणि वेल्डिंगच्या ज्योतीत त्याचा जीवघेणा वायू होऊ शकतो. दारे-खिडक्या उघड्या ठेवाव्यात. आर्गन स्वतः विषारी नाही, पण कोंदट जागेत तो श्वासाची हवा हटवतो.

असरची अजान झाली तेव्हा तिन्ही पोर्टांच्या तळावर धातूचे थर चढले होते, मासोळीच्या खवल्यांसारखे एकावर एक. चाचांनी मॅनिफोल्ड पाटासकट कोरड्या चुन्याच्या डब्यात पुरला. रात्रभर हळूहळू गार होऊ द्यायचा. पाण्यात बुडवला तर तडकतो. हात धुऊन ते मशिदीकडे निघाले आणि मामूंना म्हणाले, "उद्या जोहरनंतर या. तोवर मिरज पाहून घ्या."

मिरज : तलवारीपासून सतारीपर्यंत

सांगलीपासून मिरज हाकेच्या अंतरावर. ख्वाजा शमना मीरा यांच्या दर्ग्यात आम्ही फातिहा पढली. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ यांचे वास्तव्य मिरजेत होते. १९३७ साली त्यांचे निधन झाले आणि त्यांची कबर याच दर्ग्याच्या आवारात आहे. दरवर्षी त्यांच्या स्मरणार्थ येथे संगीत सभा होते आणि मोठमोठे कलावंत येऊन हजेरी लावतात.

दर्ग्याच्या परिसरात सतारमेकरांची गल्ली आहे. त्यांचे पूर्वज शिकलगार, म्हणजे तलवारी आणि भाले बनवणारे, त्यांना पाणी देणारे, धार लावणारे. राज्ये गेली, हत्यारांची मागणी संपली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला फरीदसाहेब या कारागिराने तंतुवाद्ये दुरुस्त करायला घेतली. दुरुस्ती करता करता नवी बनवू लागले. पंढरपूरकडचे भोपळे, लाकूड, तारा. धातू हाताळणारे हात लाकूड हाताळू लागले आणि मिरजेचे तंबोरे देशभर गेले. २०२४ साली मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले.

एका दुकानात एक वृद्ध कारागीर भोपळ्याची चीर बुजवत होते. आतून पट्टी, वरून लाकडाचा भुसा आणि सरस. आमचे लक्ष मामूंकडे गेले. ते विचारत होते, "आतून कोरून पातळ केलेले असते का हे?" कारागीर म्हणाले, "पातळ करावेच लागते, पण किती ते ठरलेले असते. त्याच्या पुढे गेलात की आवाज फुटतो." मामूंनी मान डोलावली. साताऱ्यात ऐकलेले त्यांना पुन्हा ऐकू आले असावे.

उरलेले काम आणि उरलेला प्रश्न

जोहरनंतर चाचांची नात वर्कशॉपमध्ये होती. डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. हेडच्या बाजूचे नवे गॅस्केट मॅनिफोल्डच्या तोंडावर ठेवून तिने भोकांची कड आखून दिली आणि चाचांनी त्या रेषेपर्यंत भराव घासून काढला. ॲल्युमिनियम कटरच्या दातांत भरते, म्हणून मधूनमधून कटर मेणावर टेकवत होते. पोर्टच्या आत त्यांनी आरशासारखी चकाकी आणली नाही. कार्बुरेटरच्या गाडीत किंचित खरबरीत भिंत बरी, पेट्रोलचा ओघळ धरत नाही, असा त्यांचा अनुभव. मग तोंडांची सपाटी. सरफेस प्लेटवर निळा रंग लावून घासून पाहिले. एका टोकाला थोडी पोकळी होती, ती मशीनवर काढली. शेवटी टबात बुडवून हवा सोडली. आम्ही सगळे वाकून पाहत होतो. बुडबुडा नव्हता. मामूंच्या तोंडून "अल्हम्दुलिल्लाह" निघाले.

निघताना चाचांनी ताकीद दिली : धातूचा एक कणही आत राहता कामा नये, गरम पाण्याने तीनदा धुवा; बोल्ट मधल्यापासून सुरू करून बाहेरच्या बाजूला थोडे थोडे आवळा; आणि विहिरीचे पाणी बंद, कूलंट घाला. मजुरी त्यांनी मामूंच्या अंदाजापेक्षा बरीच कमी सांगितली. मामू जास्त देऊ लागले तेव्हा त्यांनी हात मागे घेतला. "माझा दर ठरलेला आहे. रमजानमध्ये दुआ करा."

लोहारकाम करणारे लोक हजरत दाऊद अलैहिस्सलाम यांना आपल्या हुन्नराचे उस्ताद मानतात, कारण ते स्वतःच्या हाताने चिलखते बनवून रोजी कमावत. चाचांच्या भिंतीवर त्यांच्या नावाची पाटी नव्हती. दर मात्र खडूने लिहिलेले होते, आणि आम्ही तासभर बसलो तेवढ्या वेळात दोन माणसांना त्यांनी "हे काम होणार नाही, पैसे घालवू नका" असे सांगून परत पाठवले.

मामूंची गाडी रमजानच्या चार दिवस आधी सुरू झाली. पाणी कमी होणे थांबले, धूर गेला. औंधच्या चढावर दुसऱ्या गिअरला जिथे दम लागत असे तिथे ती आता तिसऱ्यावर चढते, असे मामू सांगतात.

चाचांच्या वर्कशॉपचे पुढे काय, हा प्रश्न मात्र उरतो. आजच्या बहुतेक मोटारींचे इनटेक मॅनिफोल्ड प्लास्टिकचे असतात. ते फुटले की फेकायचे, आर्गनचा तेथे उपयोग नाही. विजेवर चालणाऱ्या गाडीला तर मॅनिफोल्डच नाही. चाचांची दोन्ही मुले दुसऱ्या नोकऱ्यांत आहेत. नातीला आम्ही विचारले तेव्हा ती म्हणाली, "मॅनिफोल्ड संपतील, ॲल्युमिनियम नाही संपणार. बॅटरीच्या पेट्या, मोटरची आवरणे सगळी त्याचीच आहेत. ती कोणीतरी जोडणारच ना?" चाचा तेव्हा मशीन पुसत होते. काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवसापासून तिच्या मापाची वेल्डिंगची काच शोधायला त्यांनी एका ओळखीच्या दुकानदाराला सांगून ठेवले आहे, हे मामूंना नंतर फोनवर कळले.

आपल्यापैकी ज्यांची गाडी रोजीचे साधन आहे, त्यांच्यासाठी दोन शब्द. ताकद वाढवण्याच्या नावाखाली कोणी पोर्ट घासू म्हणाले तर गाडी काय कामाची आहे हे आधी पाहावे. झिजलेला भाग मूळ मापाला आणणे ही दुरुस्ती आहे. नोंदणीच्या कागदावर लिहिलेल्या तपशिलापेक्षा गाडी वेगळी करणे हा बदल आहे, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ने त्यावर बंधन घातले आहे. मसाला की वेल्डिंग, हा निर्णय पाणी, पेट्रोल आणि उष्णता कुठे आहे ते पाहून घ्यावा. आणि काम करणाऱ्याला एकच विचारावे : झाल्यावर पाण्यात बुडवून दाखवाल का?

या बाजूला यायचे असेल तर एक दिवस साताऱ्यासाठी ठेवावा, एक मिरजेसाठी. मधला प्रवास दिवसाच्या रेल्वेने करावा आणि मुलांना खिडकीजवळ बसवावे. ओगलेवाडी आणि किर्लोस्करवाडी ही नावे आली की ती कशावरून पडली ते त्यांना सांगावे. मिरजेत सतारमेकरांच्या गल्लीत सकाळी दहानंतर गेलात तर कारागीर कामाला बसलेले असतात आणि मुलांनी प्रश्न विचारले तर ते रागावत नाहीत.